टर्बो, कॅम आणि चौदा ट्रक

दिवाळीत भंडाऱ्याला गेलो की पहिले दोन दिवस घरातली आणि शेजारची सगळी आजारी यंत्रं माझ्यासमोर येऊन बसतात. मिक्सर, पाण्याची मोटर, काकूंची शिलाई मशीन. मी पुण्यात इंजिनांच्या चाचण्या घेण्याची नोकरी करतो हे सगळ्यांना माहीत आहे, आणि "इंजिनियर आहेस ना तू, मग पाह्य ना जरा" या वाक्यापुढे आजवर कुणाचं काही चाललेलं नाही.

गेल्या दिवाळीत मात्र मिक्सरच्या आधी भाचा आला. ताईचा मुलगा, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हातात जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी जड आणि काखेत तेलकट प्लॅस्टिकमधली एक लांबडी वस्तू. दोन्ही गोष्टी त्याने ओसरीवर अशा ठेवल्या की जणू बारशाला बाळच आणलंय.

धोतरात टर्बोचार्जर होता. नागपूरच्या भंगार बाजारातला, कुठल्यातरी 1.3 लिटर डिझेल गाडीचा. प्लॅस्टिकमध्ये होता कॅमशाफ्ट, कोइमतूरकडून रेसिंगसाठी घासून आणलेला. आणि हे दोन्ही बसणार होतं अंगणात कडुलिंबाखाली उभ्या असलेल्या बाबांच्या मारुती 800 मध्ये. 1997 ची गाडी, कार्बोरेटरवाली, चार गियरची.

"मामा, तुम्ही फक्त हो म्हणा. बाकी सगळं मी पाहतो."

मी आधी विचारलं, पैसे कुठून आणले. तो म्हणाला, "आबाजींनी दिले."

मी चाट पडलो. आबाजी म्हणजे माझे बाबा. जिल्हा परिषदेच्या शाळेत सारी हयात गणित शिकवलं. सायकलचं ट्यूबसुद्धा सहा पंक्चरपर्यंत वापरणारा माणूस. त्यांनी टर्बोला पैसे दिले? बाबा आत पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

असो. तर आधी त्या दोन वस्तूंबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच अवलंबून आहे. घाबरू नका, सोपं आहे.

मारुती 800 चं इंजिन म्हणजे तीन सिलिंडर, 796 सीसी, आणि ताकद चाळिसाच्या आत-बाहेर अश्वशक्ती. इंजिनची ताकद त्यात किती हवा शिरते त्यावर ठरते. हवा जास्त तर पेट्रोल जास्त जाळता येतं, आणि तेवढा जोर जास्त. टर्बो नेमकं हेच करतो. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुराने एक चक्र फिरतं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, आणि ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. आमच्या भागात राईस मिलचा ब्लोअर सगळ्यांनी पाहिलेला असतो, कोंडा उडवणारा. तसाच ब्लोअर, फक्त मुठीएवढा, आणि मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरणारा. स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी याने 1905 साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. आमच्या हायवेवरचे ट्रकवाले ढाब्यावर थांबल्यावर मिनिटभर गाडी चालूच ठेवतात, ती या टर्बोसाठी. इंजिन एकदम बंद केलं तर तेल येणं थांबतं आणि तापलेल्या बेअरिंगमधलं तेल करपतं.

कॅमशाफ्ट हा इंजिनाचा चौकीदार. हवा आत सोडणारं दार आणि धूर बाहेर काढणारं दार कधी उघडायचं, किती उघडायचं, किती वेळ उघडं ठेवायचं, हे त्याच्यावरच्या अंड्यासारख्या उंचवट्यांवर ठरतं. त्या उंचवट्यांचा आकार एकदा घासला की घासला. चालत्या गाडीत चौकीदार आपली सवय बदलत नाही (निदान 1997 च्या गाडीत तरी नाही).

भाच्याच्या कॅमसोबत एक कार्ड होतं. दार उघडं राहण्याचा काळ 280 अंश, दोन उंचवट्यांमधलं अंतर 106 अंश. मी कॅलेंडरचं मागचं पान फाडून मांडलं. 280 मधून 106 ची दुप्पट वजा करायची. राहिले 68. म्हणजे फिरण्यातले 68 अंश असे, की धुराचं दार अजून मिटलेलं नाही आणि हवेचं उघडलेलं आहे. याला ओव्हरलॅप म्हणतात.

टर्बो नसलेल्या रेसच्या इंजिनात हा ओव्हरलॅप वरदान असतो. वेगाने बाहेर पडणारा धूर आपल्या मागे पोकळी सोडतो आणि ती पोकळी ताजी हवा आत ओढून घेते. पण हे साधतं वरच्या फेऱ्यांवर, चार-साडेचार हजारांच्या पुढे. खाली अशी गाडी धड उभीही राहत नाही, घशात काहीतरी अडकल्यासारखी खोकत राहते.

आणि आता याला टर्बो जोडा. टर्बोचं चक्र म्हणजे धुराच्या वाटेत घातलेला बांध. त्याच्यामागे दाब तुंबतो. लहान टर्बो असेल तर वरच्या फेऱ्यांना धुराचा हा दाब आत येणाऱ्या हवेच्या दाबाच्या दीडपट-दुप्पटसुद्धा होतो. दोन्ही दारं उघडी आणि बाहेरचा दाब आतल्यापेक्षा जास्त... मग काय होईल?

भंडाऱ्याच्या माणसाला हे समजवायला आकृती लागत नाही. 2020 च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशात संजय सरोवराचं पाणी सोडलं, खाली गोसेखुर्दचे 33 च्या 33 दरवाजे उघडले, तरी वैनगंगा चढतच गेली. नाल्यांनी गावचं पाणी नदीत न्यायचं, ते राहिलं बाजूला. नदीच नाल्यांतून उलटी गावात आली. नाला तोच, उतार तोच, पण पलीकडची पातळी वर गेली की पाणी दिशा बदलतं. इंजिनातही तेच. बाहेर जायचा धूर उलटा सिलिंडरात येतो, ताज्या हवेची जागा खातो आणि आतलं सगळं तापवतो. तापलं की पेट्रोल वेळेआधी पेटतं, ठोके पडतात. मिस्त्री ज्याला नॉकिंग म्हणतात ते. फार काळ ठोके पडले तर पिस्टनला भोक.

"पण मामा, कंपन्या तर आता टर्बोमध्येपण ओव्हरलॅप देतात," भाचा म्हणाला. बरोबर होतं त्याचं. आताच्या टर्बो पेट्रोल गाड्यांत कॅमची वेळ चालता-चालता पुढेमागे सरकते. खालच्या फेऱ्यांना आत येणाऱ्या हवेचा दाब धुरापेक्षा जास्त असतो, तेव्हा त्या मुद्दाम दोन्ही दारं उघडी ठेवतात आणि उरलासुरला धूर हवेने झाडून काढतात. पेट्रोल नंतर थेट सिलिंडरात फवारतात, त्यामुळे ते वाया जात नाही. म्हणजे ओव्हरलॅप वाईट नाही, नदी कुठल्या बाजूला वर आहे ते महत्त्वाचं. आमच्या कार्बोरेटरवाल्या गाडीला ती पाहायला डोळेच नाहीत.

टर्बो एकटा पाहिला तर फार चुकीचा नव्हता. 796 सीसीचं इंजिन 5,500 फेऱ्यांना, 85 टक्के भरतं असं धरलं, तर मिनिटाला साधारण 1,860 लिटर हवा खातं. 1.3 लिटर डिझेलच्या टर्बोला त्याहून जास्त हवा द्यायची सवय असते, पण निभलं असतं. मात्र डिझेलचा धूर साधारण 750-800 अंशांपर्यंत तापतो, पेट्रोलचा 900 च्या पुढे जातो. डिझेलच्या टर्बोचं लोखंड त्यासाठी ओतलेलं नसतं. आणि दुसरं, जास्तीचा दाब सोडून देणारी जी झडप असते, वेस्टगेट, तिची स्प्रिंग आम्ही सायकलच्या पंपाने तपासली. पंपाला दाबाचा काटा लावला आणि भाचा हापसत राहिला. अर्धा बार झाला, काही नाही. पाऊण झाला, काही नाही. एकच्या जवळ आल्यावर दांडी हलली. म्हणजे अर्ध्या बारवर थांबायचं आम्ही कितीही ठरवलं तरी हा टर्बो एकपर्यंत जाणार. या इंजिनाला, पावणेनऊच्या आसपासच्या कॉम्प्रेशनला, तो फार झाला.

तरी समजा, स्प्रिंग बदलून अर्धा बार साधला. मेमधली आमची दुपार 45 अंश. हवा दाबली की तापते. टर्बोची कार्यक्षमता 65 टक्के धरली तर बाहेर पडताना ती 105 अंशांची असते. तापलेली हवा फुगते. म्हणून दाब दीडपट झाला तरी प्रत्यक्ष हवा दीडपट जात नाही, सव्वापट जाते, 26 टक्के जास्त. हा 26 आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाले मिस्त्री आले. त्यांनी कॅम हातात फिरवला, टर्बोचं चक्र बोटाने फिरवलं आणि म्हणाले, "सामान दोन्ही चांगलं आहे जी साहेब. पण दोन गाड्याइचं आहे." मी कॅलेंडरचं अख्खं पान भरून जे मांडलं होतं ते त्यांनी दोन वाक्यांत संपवलं. नुसता रेसचा कॅम वरच्या फेऱ्यांचा, नुसता टर्बो मधल्या फेऱ्यांचा. एक जागा होईल तेव्हा दुसरा दमलेला असेल.

भाचा हिरमुसला. मी त्याला सुझुकीची गोष्ट सांगितली. 1987 साली जपानमध्ये आल्टो वर्क्स नावाची गाडी आली. इंजिन तीन सिलिंडरचं, फक्त 543 सीसी, आपल्या 800 च्या इंजिनाचा चुलतभाऊच. टर्बो लावून त्यातून 64 अश्वशक्ती काढली होती. म्हणजे तुझं स्वप्न वेडेपणाचं नाही. फक्त त्यांनी टर्बो आधी आणि कॅम नंतर असं केलं नाही. हेड, पिस्टन, कॅम, थंड हवेची जाळी, ब्रेक, सगळं एकमेकांना विचारून केलं. तुला हेच करायचं तर आधी टर्बो ठरव, मग त्याला मानवेल असा कॅम. 250 अंशांचा, 114 अंतराचा. ओव्हरलॅप 22. एकच कॅमशाफ्ट असल्यामुळे हे अंतर नंतर बदलता येत नाही, घासतानाच ठरवावं लागतं.

कायद्याचंही सांगितलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या वैशिष्ट्यांशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. टर्बोवाली गाडी रस्त्यावर आणलीस आणि काही झालं, तर विमाही हात वर करेल. कॉलेजच्या बाकावर इंजिन चालव, हवं तेवढं शीक. पण आबाजींच्या गाडीत नको.

मला वाटलं, संपलं. पण लक्ष्मीपूजनाच्या रात्री, सगळे झोपल्यावर, बाबा ओसरीवर आले. हातात ते कॅलेंडरचं पान.

"म्हणजे 26 टक्के जोर वाढला असता," ते म्हणाले.

"हो. सगळं नीट बसवलं असतं तर."

"मग त्या रात्री पण वाढला असता."

काही वेळ मला कळलंच नाही कुठली रात्र. आणि मग कळलं.

2003 चा डिसेंबर. रात्री दीडनंतर आईच्या छातीत दुखायला लागलं. इथून नागपूरला न्या असं सांगितलं गेलं. बाबांनी हीच गाडी काढली. मागे ताई, तिच्या मांडीवर आईचं डोकं. तेव्हा तो राष्ट्रीय महामार्ग 6 होता, आताचा 53, आणि दुपदरी होता. धानाचा हंगाम, धुकं, पुढे ट्रकांची रांग. मौद्याच्या पुढे, कन्हानचा पूल ओलांडल्यावर, ताईच्या लक्षात आलं. नागपूर अजून पंचवीसेक किलोमीटर होतं.

मी पुण्यात होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचलो. त्या प्रवासाबद्दल मी बाबांना कधी काही विचारलं नाही, आणि त्यांनीही कधी काही सांगितलं नाही.

"तिसऱ्या गियरमध्ये गाडी उचलतच नव्हती रे," बाबा म्हणाले. "ट्रकाच्या मागून बाहेर काढायची, समोरून लाईट दिसला की परत आत घ्यायची. चौदा ट्रक होते. दुसरी गाडी असती तर... मी पाह्यत असतो, आजकालच्या गाड्या कशा झर्रकन निघतात."

चौदा. इतकी वर्षं हा माणूस तो आकडा घेऊन बसला होता. म्हणून टर्बोला पैसे दिले.

मला काय बोलावं सुचेना. मग जे येतं तेच केलं. पेन्सिल घेतली. म्हटलं, बाबा, मांडून पाहू. चार माणसं धरून गाडी नऊशे किलो. पन्नासवरून ऐंशीवर जायचं. सव्वापट जोर मिळाला तर एका ट्रकामागे दोन-तीन सेकंद वाचतात. तुमच्यासाठी चार धरू. उदारपणे.

बाबांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली. शाळेतल्यासारखं, खाली रेघ मारून लिहिलं. 14 गुणिले 4. छप्पन.

"छप्पन सेकंद," ते म्हणाले. "एक मिनिट पण नाही."

"नाही. आणि नागपूर अजून अर्धा तास होतं."

"आणि पोराचं हे सामान असतं तर?"

"तर त्या फेऱ्यांवर गाडी आणखी मागे पडली असती. तो कॅम चार हजारांखाली जागाच होत नाही."

ते बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. गणित तपासत होते की आणखी काही, मला सांगता येणार नाही. बाहेर कुणीतरी उरलेली लड लावली, ती वाजून संपली.

"हे तू आधी काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंच नाही."

"तू तरी कुठं विचारलं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. इंजिनाच्या नळ्यांत कुठे किती दाब तुंबलाय हे मोजण्याचा मला पगार मिळतो. घरातला काटा मी इतकी वर्षं पाहिलाच नव्हता. आकड्यांनी दुःख कमी होतं असं मी म्हणणार नाही. पण बाबांचा आकड्यांवर विश्वास आहे, माझ्या धीराच्या शब्दांपेक्षा कितीतरी जास्त. आणि छप्पन हा आकडा त्यांनी स्वतः काढला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आले तेव्हा बाबा स्वतः अंगणात उभे होते. "कॅम जुनाच राहू द्या," ते म्हणाले. "उरलेल्या पैशात ब्रेक करा. आणि टायर." पुढची डिस्क, मागचे लायनर, बारा इंची चार टायर, टायमिंग बेल्ट, आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या. (नळ्या सगळ्यांनीच बदला. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी केलेलं नव्हतं.) टर्बो पुन्हा धोतरात गेला आणि आईच्या पितळेच्या गुंडांशेजारी फळीवर बसला.

भाऊबीजेच्या दिवशी भाच्याने गाडी काढली. बाबा शेजारी, मी मागे. वैनगंगेच्या पुलाअलीकडे धानाच्या पोत्यांनी भरलेला एक ट्रक पुढे आला. भाच्याने तिसरा गियर टाकला आणि गाडी जरा उजवीकडे घेतली.

"राहू दे," बाबा म्हणाले. "जाऊ दे त्याले पुढं."

आम्ही पूल संपेपर्यंत त्याच्या मागेच राहिलो.

परवा भाच्याचा फोन आला. कॉलेजने एक जुनं इंजिन बाकावर लावायला दिलंय, टर्बो नेतोय म्हणाला. नवा कॅम घासायला पाठवायचा आहे. "250 आणि 114, मामा. ओव्हरलॅप 22, बरोबर ना?"

मी म्हटलं, आबाजींकडून तपासून घे.

"घेतलं," तो म्हणाला. "त्यांनी खाली रेघ मारून दिली आहे."